वरच्या टोपलीतले नान

कोकंद शहराच्या वजनमाप कचेरीत मुकर्रमाआपाने एकतीस वर्षं काट्यापुढे मान मोडून काम केलं. एवढ्या वर्षांत तिचा एकही दाखला मागे घ्यावा लागला नव्हता. निवृत्तीला चार महिने उरले होते, गुडघे नको म्हणत होते, आणि नेमकी तेव्हाच बालवाडीच्या स्वयंपाकिणीची तक्रार आली, की सोतवोल्दीचे नान हलके भरतात.

सोतवोल्दी नानवाईचा दावा होता, सरासरी चारशे ग्रॅम. वसंतात आपानेच पंचवीस नान तोलून तो मान्य केला होता. पण नान निवडले कोणी? सोतवोल्दीने. दारी आलेल्या माणसाला वरच्या टोपलीतला चांगला नान द्यायचा, हे इथे पोराटोरांनाही कळतं. आपा तेव्हाही दमलेलीच होती. चहा पीत बसली, तो देईल ते तोलत गेली. पाहुणचार तोलला, दुसरं काय!

या वेळी ती चिठ्ठ्या घेऊनच गेली. दिवसभराच्या सहाशे नानांना क्रमांक दिले, पंचवीस चिठ्ठ्या काढल्या, आणि ज्याची चिठ्ठी निघेल तो नान काट्यावर.

"आपा, खालचे कशाला उपसता?" सोतवोल्दी म्हणाला. "शेवटच्या घाण्यातले आहेत ते. असले पाहुण्याला देतात का?"

"पाहुण्याला नाही, मग कुणाला? बालवाडीला?"

तो हाताचं पीठ झटकत राहिला. "पहाटेपासून हात चालतात हो. शेवटी शेवटी गोळा लहान पडतो, कळतही नाही."

ते तिला पटलं. तिचेही हात तसेच झाले होते. पण सरासरी आली तीनशे एक्क्याण्णव. नान थोडे कमीजास्त भरायचेच, हे धरूनही हिशेब सांगत होता, की दावा खरा असता तर इतका हलका नमुना शंभरात एखाद्याच वेळी हाती लागला असता.

'दावा टिकत नाही,' तिने लिहिलं. तिथेच थांबली असती तर चाललं असतं, वसंतातल्या कागदाबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. आपाला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं. मग तिने खाली लिहिलं, 'आधीचा दाखला चुकीचा. नमुना मी निवडला नव्हता. सही माझी.'

निघताना सोतवोल्दीने वरच्या टोपलीतले दोन नान पुढे केले. इथे नानाला नाही म्हणत नाहीत.

"खालचे दे," आपा म्हणाली. "पाहुणी म्हणून बरेच खाल्ले."