एका बेभरवशाच्या स्मॅशरसाठी सुरत

सुरतेला लोक साड्या घ्यायला जातात, हिऱ्यांच्या धंद्यात नशीब काढायला जातात, नाहीतर सरळ खायला जातात. मी गेलो ते एका व्हॉलीबॉल खेळाडूचं मोल ठरवायला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जळगावच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक होतो आणि आमच्या वसतिगृहात खेळाडूंसाठी फी-माफीची एकच जागा पुढच्या जूनसाठी उरली होती. तिच्यासाठी चाळीसगावचा एक पोरगा जवळजवळ पक्का होता. रोज सारखाच खेळणारा, कधी फार चांगला नाही आणि कधी वाईटही नाही. तेवढ्यात माझा मावसभाऊ विनायक याचा सुरतेहून फोन आला. तो तिथे बँकेत होता आणि उधन्याला राहायचा. त्याच्या शेजारच्या वस्तीतला मिलिंद नावाचा मुलगा कॉलेजच्या टीममधून खेळतो, त्याला बघून जा, असा त्याचा हट्ट. चांगला खेळतो का, असं विचारलं तर म्हणाला, "कधी कधी."

अशा उत्तरावर शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मी पडलो, कारण डिसेंबर होता आणि डिसेंबरात सुरतेला पोंक खायला मिळतो.

भुसावळ-सुरत मार्गावर तेव्हा एकच रूळ होता. समोरून गाडी येणार म्हणून आमची पॅसेंजर कुठेही उभी राहायची, आणि लोक खाली उतरून हातपाय मोकळे करायचे. आता दुहेरी मार्ग झालाय, गाड्या पळतात, पण जमलं तर अजूनही दिवसाच्याच गाडीने जा. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत नवापूर येतं. तिथला फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. मी चहा आपल्या बाजूला घेतला आणि कप गुजरातेत जाऊन टाकला, उगाच. पुढे व्यारा, बारडोली, दोन्हीकडे ऊस, आणि चलथाणला साखर कारखान्याचा मळीचा वास डब्यात शिरला की समजायचं, बॅग काढायची वेळ झाली. उधन्याला विनायक स्कूटर घेऊन उभा होता. माझं सामान पायाशी, मी मागे, आणि त्याची बडबड वाऱ्यावर.

त्याच दुपारी मिलिंदच्या कॉलेजचा सामना होता. व्हॉलीबॉल न बघणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की स्मॅशर म्हणजे उडी मारून चेंडू पलीकडे आदळणारा, आणि त्याच्यासाठी चेंडू नेमका वर उचलून देणारा तो लिफ्टर. टाळ्या स्मॅशरला मिळतात. मी स्वतः आयुष्यभर लिफ्टर होतो, त्यामुळे याबद्दल माझ्या मनात थोडी अढी आहे हे आधीच कबूल करतो.

मिलिंद उंच, हडकुळा, कोपर जरा जास्तच सैल. पहिली काही मिनिटं त्याने जे केलं ते बघून मी बाकावरून उठलो. जाळीच्या डाव्या टोकाहून तो धावत यायचा, हवेत थांबल्यासारखा वाटायचा आणि चेंडू समोरच्यांच्या मधोमध आपटायचा. असा हात मी आमच्या अख्ख्या विद्यापीठात पाहिला नव्हता. मग जागा बदलल्या, तो उजवीकडे गेला, आणि दुसराच कोणीतरी खेळतोय असं वाटायला लागलं. कधी उडी लवकर, कधी उशिरा. एकदा तर लिफ्टरने "मिलिंद, छोटा!" म्हणून ओरडून त्याला आखूड चेंडू दिला आणि हा जागचा हललाही नाही. चेंडू त्याच्या पायाशी पडला. त्याच्या प्रशिक्षकांनी माझ्याकडे बघून हात झटकले. "मूड आवे तो रमे, साहेब. एनो भरोसो नहीं." मनात आलं तर खेळतो, भरवसा नाही. सामना हरले. मनातल्या मनात मी चाळीसगावच्या पोराचं नाव पक्कं करून टाकलं.

संध्याकाळी विनायक मला मिलिंदच्या घरी घेऊन गेला. पत्र्याच्या दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, आणि स्टोव्हपाशी त्याची आई. कुटुंब मूळचं धुळ्याकडचं, कापडाच्या लूमवर कामासाठी आलेलं. वडिलांनी सगळं सरळ सांगितलं. मिलिंद अर्धा दिवस लूमवर जातो आणि अर्धा दिवस कॉलेजात. त्यांचे स्वतःचे गुडघे आता बारा तासांची पाळी सोसत नाहीत. जळगावला राहायची-शिकायची सोय झाली तर ते अजून तीन वर्षं ओढतील. नाही झाली तर पोरगा जूनपासून कॉलेज सोडून पूर्ण पाळी धरेल. मी चहा पीत राहिलो. आतून आई मिलिंदला हाका मारत होती, एक, दोन, तीन, आणि हा दारात पाठमोरा बसलेला. शेवटी ती बाहेर आली, त्याच्यासमोर जाऊन नुसता हात हलवला, तसा तो टुणकन उठला. "याले हाक मारी मारी मी थकी जास," ती मला हसत म्हणाली. मी मात्र मनात त्याच्या नावापुढे आणखी एक खूण केली: उर्मट.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोचो खाल्ला. डाळीचा, वाफेवरचा, ढिला पडलेला, वर तेल, मसाला आणि शेव. खमण ढोकळा करताना बिघडलं म्हणून लोचो झाला असं तिथले लोक अभिमानाने सांगतात, आणि बिघडलेल्या पदार्थाला इतका मान देणारं शहर मला तिथल्या तिथे आवडलं. रस्ते चकचकीत होते; प्लेगनंतर सुरतेने स्वतःला घासूनपुसून काढलं होतं. मग सुरतेत येऊन लूम बघितलं नाही असं कसं, म्हणत विनायक मला मिलिंदच्या खात्यात घेऊन गेला. लूमच्या कारखान्याला तिथे खातं म्हणतात.

दार उघडलं आणि आवाज अंगावर आला. शंभरेक माग एकाच वेळी खडखडत होते. विनायक माझ्या कानाला तोंड लावून काही म्हणाला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण ते कारागीर मात्र आरामात गप्पा मारत होते. एकाने दोन बोटं कात्रीसारखी हलवली, तर पलीकडच्या रांगेतला तुटलेला धागा जोडायला वळला. एकाने तळवा खाली दाबला, तसा माग थांबला. कोणीतरी लांबून पोटावर हात फिरवून मनगटाकडे बोट केलं, त्यावर चारजण हसले. जेवणाच्या सुट्टीची चौकशी असावी. मिलिंद दोन रांगांच्या मधल्या बोळात उभा होता. त्याची नजर सगळीकडे होती. मागच्या कोपऱ्यात एका म्हाताऱ्याने हात वर केला न केला तोच हा तिथे पोचला.

मी तिथेच उभा राहून कालचा सामना पुन्हा बघितला. डावीकडे असताना लिफ्टरचं तोंड त्याच्याकडे होतं. हात दिसत होते. उजवीकडे गेल्यावर लिफ्टरची पाठ आली आणि उरली ती फक्त हाक.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, ऐकायला कमी येतं का. तो गोंधळला. "येतं ना सर. पण लहानपणापासून इथेच येतो. इथे कोणी हाक मारतच नाही, मग हाकेकडे लक्ष कसं जाणार?"

हे त्याने प्रशिक्षकांना कधी सांगितलं नव्हतं, कारण हे सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. सगळे असेच असतात, अशीच त्याची समजूत होती.

पाळी संपल्यावर वस्तीच्या मैदानात जाळी बांधली. मी पँट वर दुमडली आणि लिफ्टर म्हणून उभा राहिलो; विनायकने माझं घड्याळ आणि चष्मा सांभाळला. आम्ही खुणा ठरवल्या. मूठ म्हणजे उंच चेंडू, तळवा खाली म्हणजे आखूड, आणि त्या दाखवायच्या पाठीमागे, चेंडू माझ्याकडे येण्याआधी. तो उजवीकडे, मी त्याच्याकडे पाठ करून उभा. मी तळवा दाखवला, चेंडू आला, मी न बघता डोक्यावरून मागे सोडला. आवाज आला तो थेट पलीकडच्या मातीतून. पुन्हा दिला, पुन्हा तेच. बघायला जमलेली पोरं जाळीपाशी सरकली. माझं पोट सुटलेलं, खांदे आखडलेले, तरी मी अंधार पडेपर्यंत थांबलो नाही. लिफ्टर म्हणून इतकं सुख मला तरुणपणीही कधी मिळालं नव्हतं, आणि स्मॅशर जमातीवरचा माझा बराचसा राग त्या मैदानातच संपला.

पोंक शेवटच्या दिवशी खाल्ला, तापीच्या काठावर. आपला ज्वारीचा हुरडाच, पण जास्त कोवळा, सोबत लिंबू-मिरीची शेव. जानेवारी संपायच्या आत जा आणि घरासाठी घेतलात तर त्याच दिवशी खा. मी किलोभर आणला आणि नंदुरबारपर्यंत अर्धा संपवला.

प्राचार्यांनी विचारलं, दोघांत भरवशाचा कोण? मी म्हटलं, चाळीसगावचा. मग घ्यायचा कोणाला? मिलिंदला. मी खात्यातलं सगळं सांगितलं, तेव्हा कुठे सही झाली. चाळीसगावच्या पोराला फी झेपत होती. तो घरून ये-जा करत आमच्याकडेच आला. रोज सारखाच खेळतो म्हणून मी त्याला लिफ्टर केलं. तीन वर्षं मिलिंदला चेंडू त्यानेच दिले.

मिलिंद रोज चांगला खेळायला लागला, असं मी म्हणणार नाही. कोणी खूण करायला विसरलं की तो हमखास चुकायचा, आणि दोष त्याच्याच माथी यायचा. पण हळूहळू आमची सगळी टीमच हातांनी बोलायला लागली. परक्या मैदानावर प्रेक्षक आरडाओरडा करून इतरांचं डोकं फिरवायचे. आमची पोरं त्या गोंगाटात निवांत खेळायची.

आज सुरत म्हटलं की लोचो आठवतो, पोंक आठवतो, पण सगळ्यात आधी आठवते त्या जूनमधली जळगाव स्टेशनची दुपार. मी त्याला घ्यायला गेलो होतो. सुरतेची गाडी लागली, फलाटावर ही गर्दी, आणि पार शेवटच्या डब्यातून पत्र्याची पेटी घेऊन तो उतरला आणि भलत्याच दिशेला चालू लागला. मी सवयीने दोन हाका मारल्या. मग लक्षात आलं, आणि गप्प उभा राहून नुसता हात वर केला. तो लगेच वळला.