ताडपत्रीवर ताडपत्री

तोंडावर सगळे तिला ताई म्हणत. पाठ फिरली की अळीबाई. नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात एकोणीस वर्षं तिने एकच काम केलं होतं : दारोदार जाऊन लोकांचं साचलेलं पाणी बघायचं. खांद्याच्या पिशवीत विजेरी, लांब दांड्याची पळी आणि एक पांढरी वाटी. पाणी वाटीत घ्यायचं, उजेडाकडे धरायचं आणि त्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या घरमालकाला दाखवायच्या. "या आमच्या नाहीत," असं बहुतेक घरमालक सांगत. जणू शेजारच्या अळ्या भिंतीवरून उड्या मारून पाहुणचाराला आल्या होत्या.

त्या वर्षी टायरच्या गोदामामागच्या दोन गल्ल्यांत एकसष्ट माणसं तापाने अंथरुणाला खिळली. उघड्यावर पडलेल्या टायरात पावसाचं पाणी शिरलं की टायर कसाही उपडा केला तरी ते पुरतं निघत नाही, आणि आठ दिवसांत त्यातून डासांची नवी पिढी उडते, हे अळीबाई चार वर्षं लिहून देत होती. खात्याला वाचायला सवड नव्हती. एकसष्टावा रुग्ण नगराध्यक्षांचा मेहुणा निघाला आणि सवड मिळाली.

लगोलग नियम झाला. सात पानी. त्यातली तीन पानं टायर म्हणजे काय हे सांगण्यात गेली होती. तेही बरंच झालं, नाहीतर लोकांनी चुकून भोपळे झाकून ठेवले असते. उरलेल्या पानांचं सार एवढंच, की उघड्यावरचा प्रत्येक टायर ताडपत्रीने झाकलेला हवा आणि आठवड्याला तपासणी हवी.

तपासणी अळीबाईकडे आली. आणि गोदाम कुणाचं? तिच्या नणंदेच्या नवऱ्याचं. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. या ग्रहाभोवती बाराशे जुने टायर फिरत होते.

"या वहिनी, बसा," जावईबापूंनी दारातच हात जोडले. "नियम म्हणजे नियम. आपल्या माणसाला खाली बघायला लावीन का मी?"

आणि खरंच, अख्ख्या ढिगाऱ्यावर निळीशार नवी ताडपत्री अंथरलेली होती. चारी कोपरे विटांनी दाबलेले. अळीबाईला क्षणभर आपल्या माहेरच्या माणसांपेक्षाही हा माणूस जवळचा वाटला.

मग चार दिवस पाऊस झाला. पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा जिथे जिथे खाली टायरचं भोक होतं, तिथे तिथे ताडपत्री खोलगट होऊन पाण्याने भरली होती. पूर्वी बिचाऱ्या अळ्या अंधारात, कोंदट जागेत दिवस काढत. आता त्यांना मोकळी हवा आणि निळी फरशी मिळाली होती. पहिल्याच पळीत तिने तीस मोजल्या.

"भाऊजी, हे काय?"

"पाणी," जावईबापू शांतपणे म्हणाले. "पण टायर कोरडे आहेत. हात घालून बघा."

तिने हात घालून बघितलं. कोरडेच होते. तपासणीच्या तक्त्यात प्रश्न होता, टायर झाकलेले आहेत का? होय. टायरमध्ये पाणी आहे का? नाही. ताडपत्रीबद्दल विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मग तिने तक्त्याच्या मागे स्वच्छ अक्षरात सगळं लिहिलं आणि वाटी तशीच झाकून थेट आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

साहेबांनी आधी आपला चहा बाजूला घेतला. "ताडपत्री हा टायर आहे का?"

"नाही साहेब."

"मग आपल्या नियमात ती बसत नाही."

"डासांना ते कोण सांगणार?"

साहेबांना विनोद आवडत नसत. तरी त्यांनी सात पानं मागवली, चष्मा पुसला आणि पाऊण तासाने त्यांचा चेहरा उजळला. तिसऱ्या पानावर सापडलं होतं : टायर म्हणजे टायर, तसेच टायरला लागून असलेली व पाणी धरून ठेवणारी कोणतीही वस्तू. म्हणजे कायद्याने ताडपत्रीही टायरच झाली. आणि टायर म्हटला की तो झाकलेला पाहिजे. साहेबांनी तिथल्या तिथे आदेश काढला, की सदर ताडपत्री ताडपत्रीने झाकण्यात यावी.

आजार म्हशीला आणि औषध पखालीला, हे अळीबाईने लहानपणापासून ऐकलं होतं. सहीशिक्क्यानिशी बघण्याचा योग आता आला.

जावईबापूंनी आदेश डोक्याला लावला आणि दुसरी ताडपत्री टाकली. हिरवी. तीही खोलगट झाली, तीही भरली. घरी मात्र अळीबाईचीच कानउघाडणी झाली. "घरच्या जावयावर कागद रंगवतेस?" सासूबाई म्हणाल्या. "लोकांच्या घरची पिंपं कमी पडली का?" नणंद तर तिच्याशी बोलेनाशी झाली. नवरा मूग गिळून बसला. त्याला त्यातच पोषण वाटत असावं.

आठवड्याभराने नणंदेला ताप भरला. गोदामाला लागूनच तिचं घर, तेव्हा डासांना फार शोधाशोध करावी लागली नव्हती. अळीबाई रोज काम आटोपून तिच्या उशाशी जाऊन बसायची, पेज भरवायची, डोक्यावर ओल्या घड्या ठेवायची. अळीचा शब्द काढायची नाही. दहाव्या दिवशी नणंद भिंतीला धरून खिडकीपाशी गेली आणि बाहेरच्या हिरव्या तळ्यांकडे बघत राहिली.

"वहिनी, यातला डास मला चावला?"

"नाव विचारलं नाही मी, वन्सं. पण राहायला इथलाच असणार."

नणंद हसली आणि हसता हसता खोकली. "मग यावर करायचं काय?"

"मधोमध उंच करायचं. तंबूसारखं. पाणी साचणारच नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

चार दिवसांनी दुपारी दोघी गोदामात शिरल्या. जावईबापू "अगं, आदेशात बांबू नाही!" असं ओरडत मागून आले. नणंदेने वळून एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. जावईबापूंनी मुकाट्याने शिडी धरली. ढिगाऱ्यात मध्ये सहा बांबू उभे राहिले, त्यांवर एक आडवा बसला, दोन्ही ताडपत्र्या ताणून दोराने बांधल्या. संध्याकाळी सर आली. पाणी घरंगळत गटारात गेलं. दोघी छपराखाली उभ्या राहून बघत होत्या. अळीबाईच्या तळहाताला फोड आला होता आणि तिला तो फार आवडला.

त्यानंतर तीन आठवडे पळी रिकामी आली. मागच्या गल्ल्यांतला ताप ओसरला. साहेब छायाचित्रकार घेऊन आले, बांबूला हात लावून उभे राहिले, आणि त्यांच्या कल्पक उपाययोजनेची बातमी छापून आली. जावईबापूंना आदर्श व्यापारी म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं.

अळीबाईलाही पत्र मिळालं. कार्यालयीन वेळेत, विनापरवानगी, खासगी जागेत बांबू उभारल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा. तिने चुलीशी बसून उत्तर लिहिलं : "चूक झाली. पुन्हा गरज पडली तर पुन्हा होईल." सासूबाईंनी ते वाचायला लावलं, ऐकलं, आणि म्हणाल्या, "खाली सही नीट कर, वाचता आली पाहिजे."