सरांचा बांबू

उलव्याजवळच्या आमच्या गावातले हे सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट, म्हणून त्यांच्याशी बोलायचा मला थोडा हक्क वाटतो. त्यांचं संशोधन गर्दीवर. नाक्यावर चहा पितानाही मध्येच थांबून म्हणणार, "बघ, आता कोंडी सुटेल."

वाटेच्या अरुंद तोंडाच्या जरा अलीकडे मधोमध खांब असला तर गर्दी लवकर बाहेर पडते, असं त्यांच्या गणितात आलं होतं. यंदा विसर्जनाला खाडीकडच्या गल्लीत त्यांनी बांबू रोवायला लावला.

"सर, वाट मोकली करताव का आडवताव?" मंडळाचा अध्यक्ष हसला.

गर्दी आली आणि बांबूपाशी जास्तच तुंबली. बाया पोरांना उचलून ओरडायला लागल्या. सरांनी स्वतः घुसून बांबू उपटला. "चुकला माजा!" सगळ्यांसमोर म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात त्यांची प्रोफेसरपदाची मुलाखत होती, ती याच शोधावर. मी म्हटलं, "सर, बांबूचं तिथं कोनाला ठाव हाय? गप रावा."

"अरे, माझ्या गणितात प्रत्येक माणूस सुटा होता," ते म्हणाले. "आपली माणसं एकमेकांचा हात धरून चालतात. हेच तर सांगायचंय."

मुलाखतीत त्यांनी सुरुवातच बांबूपासून केली. पद दुसऱ्याला मिळालं.

सर आता संध्याकाळी बाजारात उभे राहून कोण कोणाचा हात धरतो ते बघत असतात. कुणी नवखा विचारतो, "हा माणूस इथे काय करतो?"

मी छाती फुगवून सांगतो, "आमचे सर हायत. अभ्यास चाललाय."