मानेखालचा हात

मध्ये काही वर्षं प्रॅक्टिस सुटलेल्या बालरोगतज्ज्ञांसाठी आमच्या रुग्णालयात उजळणीचा वर्ग चालतो. तिथलं सामान सांभाळणारी सिस्टर मी. सामानात एक रबरी बाळ आहे. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, ते त्याच्यावर शिकतात. शिकून झालं की कुणीही त्याला तंगडी धरून खोक्यात टाकतं. मीसुद्धा.

काल सावंत मॅडम अकरा वर्षांनी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून उभ्या होत्या. रबरी छातीला लावण्याआधी त्यांनी त्याची चकती तळहातावर चोळून गरम केली. शिकवणारे डॉक्टर त्यांच्याहून बरेच लहान. ते म्हणाले, "मॅडम, यात वेळ जातो. आणि ही बाहुली आहे."

"हो की," म्हणत मॅडम लाजल्या. दुसऱ्यांदाही त्यांनी चकती चोळलीच. तिसऱ्यांदा मात्र चकती चोळूनही सगळं वेळेत झालं.

औषधांचे डोस बदलले, यंत्रं बदलली. ते सगळं त्या वहीत उतरवून घेत होत्या. पण वहीत न मावणारं हे काहीतरी त्यांच्या हातांनी इतकी वर्षं कसं जपलं असेल? ज्यांच्यासाठी प्रॅक्टिस सोडली, त्या आजारी सासूबाईंना रोज उठवून बसवताना ते जागंच राहिलं असणार.

संध्याकाळी मॅडमनी मानेखाली हात घालून बाळाला उचललं आणि डॉक्टरांकडे दिलं. त्यांनीही ते तसंच, मान सांभाळत घेतलं. खोक्यापाशी जाऊन ते थबकले.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "खाली अंथरायला काही आहे का?"