पांढऱ्या घोडीचा भार

त्या उन्हाळ्यात मी फौजेच्या घोडे सांभाळणाऱ्या तुकडीत दफेदार होतो. लातूर जिल्हा नवा होता, पाट्यांचा रंगही धड सुकला नव्हता. पाऊस मात्र दोन वर्षं फिरकला नव्हता. चाऱ्याअभावी लोक जनावरं विकत होते. त्यांतले चांगले घोडे निवडायचे आणि अहमदपूरहून लोह्यामार्गे नांदेडच्या रेल्वेपर्यंत चालवत न्यायचे, असा हुकूम होता. मी कंधारचा, मुलखाची बोली येते, म्हणून कॅप्टन साहेबांनी मला घेतलं. आठ घोडे, माझ्यासकट आठ सवार.

मुलकी माणसांना वाटतं, ज्याला चढता येतं त्यानं बसावं. तसं नसतं. सवार, खोगीर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार द्यायचा नाही. घोड्याचं वजन आम्ही फितीनं काढायचो. छातीचा घेर, अंगाची लांबी, मग हिशेब. सवारांना अहमदपूरच्या बाजारात धान्याच्या काट्यावर खोगिरासकट उभं केलं. काट्यावर मन्मथअप्पा मापाडी होते. सगळ्यांत जड निघालेला सवार गंगाधर हा त्यांचाच मुलगा. अप्पांनी त्याला दोनदा तोललं, पोरगा म्हणून अर्ध्या किलोची सूट दिली नाही. त्याच्या वाट्याला पांढरी घोडी आली. भार अगदी काठावर बसला. मी घोडीच्या भाराच्या कार्डावर सही ठोकली. वजनाच्या हिशेबात मी स्वतःला फार शहाणा समजत असे.

मग निरोप आला, रेल्वेचे डबे चार दिवस उशिरा मिळतील. त्यातच चाऱ्याच्या मागणीचा कागद मी सवयीनं जुन्याच जिल्ह्याच्या कचेरीत धाडला होता, त्यामुळे चारा आलाच नाही. ते चार दिवस घोड्यांनी कडब्याच्या धाटांवर आणि अर्ध्या पाण्यावर काढले. पाचव्या दिवशी सकाळी सहाला निघायचं होतं. साडेपाचला गंगाधर माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"दफेदार साहेब, घोडी वाळून राहिली. पोटाचा तंग दोन भोकं आत गेला. मी पायी येतो."

"कार्डावर काय आहे?"

"कार्डावर बरोबर हाय."

"मग बस."

तो बसला. फीत माझ्या खिशात होती. घेर परत घ्यायला दोन मिनिटंही लागली नसती.

अकरा वाजता आम्ही एका ओसाड वाडीतून गेलो. माणसं पाण्यामागे गाव सोडून गेली होती. दारांना बाहेरून कड्या, अंगणात चुली तशाच. एक कुत्रं भिंतीच्या सावलीत उभं होतं, ते आमच्याकडे बघत राहिलं, भुंकलं नाही. वाडी संपल्यावर पांढरी घोडी थांबली आणि थरथरू लागली. गंगाधर न विचारता खाली उतरला. म्हणाला, "हिच्या अंगात जीव न्हाई." मी म्हटलं, पाणी लागेपर्यंत हातानं चालव, खोगीर तिथं काढू.

भार उतरला की घोडा मान झटकतो, अंग हलवतो, पावलं मोकळी टाकतो. घोडीनं यातलं काही केलं नाही. पाठ तशीच दबलेली, एकेक पाऊल रुतवत ती चालली होती. पाय ठेवायच्या रिकिबी रिकाम्या असल्या की चालताना हलतात, पोटावर आपटतात. तिच्या दोन्ही रिकिबी सरळ खाली ताणलेल्या होत्या, कुणी त्यांत पाय रोवल्यासारख्या. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. मी जवळ गेलो. चामडं खरंच ताणलेलं होतं. माझ्या घोड्यानं कान पाडले आणि तो मागे सरला. बाकीचेही तिच्या जवळून चालेनात. मी पंधरा वर्षं घोड्यांत काढली होती. ते काय होतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी घाबरलो होतो, एवढं सांगू शकतो.

"खोगीर उतरव. आत्ताच," मी म्हणालो.

गंगाधर तंगाकडे वळला. वेळ अकरा चाळीस. वाटेच्या कडेला कठडा नसलेली कोरडी विहीर होती. घोडी गुडघ्यांवर आली, कलंडली आणि विहिरीची कड ढासळली. लगाम हाताला गुंडाळू नये, हे रंगरूटालाही पहिल्या दिवशी शिकवतात. ती कोसळू नये म्हणून गंगाधरनं मनगटाला दोन वेढे दिले होते; तिच्याबरोबर तोही विहिरीत गेला. दोर लावून मी स्वतः खाली उतरलो. दोघंही गेले होते.

चौकशीत कार्ड तपासलं गेलं. कार्ड बरोबर होतं. माझ्यावर ठपका आला नाही.

लिंगायतांत मृताला बसवून माती देतात. दुसऱ्या दिवशी अहमदपुरात त्याला तसं बसवलं, पाठ ताठ, मान सरळ, तळहातावर लिंग. सवार बसतो तसाच तो बसला होता. मला तिकडे बघवेना. विभूती लावलेले अप्पा माती देऊन माझ्याकडे आले. त्या सकाळी ते बाजारात जाऊन काटा तपासून आले होते, असं कुणीतरी मला सांगितलं होतं.

"दफेदार, माझं माप चुकलं का?"

"नाही, अप्पा."

"मग घोडीचं?"

"ते चार दिवसांपूर्वीचं होतं. गंगाधरनं सांगितलं होतं. मी परत मोजलं नाही."

 अप्पांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोसल्या असत्या. ते एवढंच म्हणाले, "त्यानं सांगितलं व्हतं, हे घरी येऊन त्याच्या मायपाशी सांगा." मी गेलो आणि सांगितलं.

सवार गंगाधर तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. घोडीला नाव द्यायचं राहून गेलं.