स्पेनचे रिकामे पठार

मी आखाती वाळवंटातल्या रुवैसच्या रिफायनरीतून शुक्रवारी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी येतो आणि आठवडाभराचे पितृत्व दोन दिवसांत उरकतो. त्या शनिवारी सकाळी टेबलावर मुलीने शाळेसाठी केलेला स्पेनच्या लोकवस्तीचा नकाशा होता. तो सोमवारी द्यायचा होता. किनाऱ्यांवर ठिपक्यांची दाटी, मध्ये माद्रिदचा पुंजका आणि बाकीचे पठार जवळजवळ कोरे. तिने कंटाळा केला, असे मी ठरवले. पठार म्हणजे माझ्या लेखी आमचे दख्खन, गावाला गाव लागलेले. ती उठण्यापूर्वी मी तिच्याच पेनाने ठिपके देत सारे पठार वसवून टाकले.

उठल्यावर तिने नकाशा बराच वेळ पाहिला.

"बाबा, दे ऑल लेफ्ट फॉर वर्क. एम्प्टी व्हिलेजेस. दॅट वॉज माय होल पॉइंट."

"पण एवढी रिकामी जागा असते का कुठे?"

"यू ड्राइव्ह थ्रू इट एव्हरी फ्रायडे."

कामासाठी घर सोडलेल्या या माणसाने नवा कागद आणला आणि रविवारभर पेन्सिलने सीमारेषा आखून दिली. ठिपके तिने दिले. मला पेनाला हात लावायची मनाई होती.