अक्कांनी घातलेलं वाळवण

गच्चीवर कुरडया वाळताना दिसल्या की माझं डोकं अजून फिरतं. जळगावला एमएस्सीला असताना सातपुड्यात दोन दिवस हिंडून औषधी पाला आणला आणि खोलीबाहेरच्या ओट्यावर, सावलीत पसरला. मग चार दिवस धुळ्याला घरी जाताना घरमालकीण अक्कांना म्हणाले, "माझ्या वाळवणाकडे जरा बघा." परत आले तेव्हा वाळलेला पाला अक्कांनी पिशवीत भरून ठेवला होता. लॅबमध्ये त्याचा अर्क काढला, जांभळ्या द्रावणात घातला. पाल्यात दम असला की जांभळा रंग उडून पिवळा होतो. अर्धा तास घड्याळाकडे बघत बसले, रंग जेमतेम फिका. तीनदा केलं, तीनदा तेच! पुन्हा जंगलात जायला वेळ नव्हता, आठवड्यात प्रबंध द्यायचा होता. सरांनी एवढंच विचारलं, "उन्हात वाळवलास का?" तणतणत खोलीवर आले, तर अक्का कौतुकाने म्हणाल्या, "वाळवन म्हंजे ऊनच ना माय? बठ्ठा पाला गच्चीवर टाकी दिधा मी." त्यांच्या तळपायांना तापलेल्या गच्चीचे फोड आले होते. तरी मी धाडकन दार लावून घेतलं. आता हाच प्रयोग शिकवताना फळ्यावर 'सावलीत' हा शब्द मी दोनदा अधोरेखित करते. अक्कांना तेवढाच सांगायचा राहिला होता.